श्वासाच्या खुर्चीवर

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवं मशीन आलं. एकदाचं! सहा महिने "येतंय, येतंय" चाललं होतं आणि आलं तेव्हा दुर्बिणीच्या खोलीत ते ठेवायला जागाच नाही. शेवटी टॉवेलांची ट्रॉली रिकामी केली. आता टॉवेल माझ्या खुर्चीखाली.

कंपनीच्या माणसानं विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय करता?" म्हटलं, श्वास बघते. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग सांगितलं — पोटात दुर्बीण घालायच्या आधी पेशंटला गुंगीचं औषध देतात. गुंगीत कधीकधी माणूस श्वास घ्यायचाच विसरतो. विसरला की त्याला आठवण करून द्यायची. त्यासाठी डोक्याशी ही खुर्ची. हिच्यावर बसलेल्यानं दुसरं काही करायचं नाही. फोन घ्यायचा नाही, कात्री द्यायची नाही, दार उघडायचं नाही. मोठ्या सिस्टरांचा नियम आहे आणि अकरा वर्षं मी तो पाळलाय. डॉक्टर घाई (खरं नाव वेगळं, पण घाई हेच खरं) अजूनही दिवसातून दोनदा म्हणतात, "जरा तेवढा चिमटा द्या." देत नाही.

मशीन छान आहे. नाकातल्या नळीतून बाहेर पडणारा श्वास मोजतं. एक श्वास म्हणजे पडद्यावर एक डोंगर. डोंगर यायचे थांबले की वीस सेकंदांनी अलार्म. कंपनीवाल्यानं स्वतःच्या नाकात नळी घातली, श्वास रोखला. डोंगर संपले, सपाट रेघ, लाल दिवा लुकलुकायला लागला. डॉक्टर घाईंनी कान झाकले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाई गं, यानं मेलेला उठेल." सगळे हसले. मीही हसले.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सर्दी असेल. कान बसले असतील. असं होतं.

सासूबाईंचा आज मूड बरा नव्हता. मी चहा गाळत होते, त्या मागून काहीतरी म्हणाल्या म्हणे. मी वळले नाही. झालं. "भिंतीशी बोलावं त्यापेक्षा." त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, हातात वायरी, समोरच्यानं एका हाकेत ऐकायचं ही सवय. आवाज अजून तसाच बारीक, गोड, सरकारी. फक्त माझ्या वाट्याला गोड नाही.

माझ्या नोकरीबद्दल त्यांचं मत अकरा वर्षांत बदललेलं नाही — "दिवसभर लोकांच्या छातीकडे बघत बसायचं. बसून पगार!" आणि तुम्ही एक्स्चेंजमध्ये काय उभ्या होतात का, हे मी त्यांना विचारत नाही. फक्त इथे लिहिते.

सकाळी मी निघाले की त्या दाराशी कुंडीला पाणी घालत असतात. माझ्याकडे पाठ. ओठ हलत असतात. माझ्या नावानं खडे फोडणं चालू असणार! रोजचंच आहे. मी चप्पल घालते आणि सटकते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुपारी खोली रिकामी होती. दार लावलं, नळी माझ्याच नाकात घातली आणि श्वास रोखला. पडद्यावर सपाट रेघ. लाल दिवा. मी मशीनला कान लावला. काही नाही. हात ठेवला तर पत्रा थरथरतोय — म्हणजे बोंबलतंय बिचारं. मी टक लावून त्याच्याकडे बघत बसले.

जुन्या मशीनचा आवाज जाडाभरडा होता, तो नीट यायचा. हा बारीक आहे. बारीक आवाज माझ्या कानाला लागतच नाहीत, असं दिसतंय.

दार उघडून सफाईवाल्या मावशी आत आल्या. "ताई, काय झालं? बाहेरपर्यंत कोकलतंय." म्हटलं, बघत होते चालतं का. चालतं म्हणाल्या.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ठरलं. कुणाला सांगायचं नाही. अलार्म कुणासाठी? ज्याचं लक्ष नाही त्याच्यासाठी. माझा हात पेशंटच्या छातीवर असतो आणि डोळे तिथंच असतात. मला अलार्मची गरजच काय?

सांगितलं तर खुर्ची जाईल. खुर्ची गेली तर मी काय करू, टॉवेल मोजू?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते. इथं तरी खोटं नको.

बेकरीवाला होता. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. मोठा गमत्या माणूस. "सिस्टर, मी झोपलो की घरातली भांडी पडतात." औषध दिलं आणि खरंच असा घोरायला लागला की डॉक्टर घाई दुर्बीण धरून हसत होते. पाचेक मिनिटांनी घोरणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "चला, शांत झाला एकदाचा."

मी छातीकडे बघत होते. छाती हलत होती, हाताला नीट लागत होती. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. मी निवांत. तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग परत माझ्याकडे. त्यांच्या नजरेमागे मी वळले — सपाट रेघ! लाल दिवा!

घसा बंद झाला होता त्याचा. छाती ओढून ओढून हलत होती, पण आत हवा जातच नव्हती. मी हनुवटी धरून वर उचलली. घर्रर्र करून श्वास आला. डोंगर आले, एक, दोन, तीन. आकडा उतरायच्या आतच सगळं निपटलं. बेकरीवाला तासाभरानं उठून विचारतो, "भांडी पडली का?"

आणि पुढची गंमत अशी — मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. "अलार्म कोकलत होता आणि ही बाई ढिम्म! जराही गडबडली नाही. याला म्हणतात अनुभव." डॉक्टर घाई म्हणाले, "बर्फ आहे बर्फ."

अहो, ऐकू आलं असतं तर गडबडले असते ना!

अलार्म किती वेळ वाजत होता ते मशीनमध्ये नोंदलेलं असतं. सगळे जेवायला गेल्यावर बघितलं. चौदा सेकंद. वीस सेकंद त्याचे आणि चौदा माझे.

जेवण गेलं नाही. लाज वाटतेय मला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आता मी सगळ्यांना शिकवायचं म्हणे! मोठ्या सिस्टरांचा हुकूम. पहिले विद्यार्थी स्कोअरदादा. मी सुट्टीवर असले की खुर्चीवर हे बसतात. आधी अ‍ॅम्ब्युलन्सवर होते. ऑक्सिजनचा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा सांगतात — "सत्त्याण्णव, नाबाद!" मी नेहमी त्यांची टर उडवते, की दादा, आकडा सगळ्यात शेवटी पडतो, तोवर मॅच संपलेली असते. आज मान खाली घालून ऐकून घेत होते. वहीत लिहूनसुद्धा घेतलं त्यांनी. मला कसंतरीच झालं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दिवसभर पडद्यावरून नजर हलवली नाही. डोळ्यांची आग होतेय. सहा पेशंट, सहाही ठीक. असं चालेल. चालवून घेईन.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी नवरा सोफ्यावर झोपला होता. माझा हात गेलाच त्याच्या पोटावर. डोळे न उघडता म्हणतो, "जिवंत आहे मी. पुढचा पेशंट." लेक फिदीफिदी हसली.

मग सासूबाई मला बाल्कनीत घेऊन गेल्या. दार ओढून घेतलं. कपड्यांच्या दोरीकडे बघत सांगितलं, "शौचाला रक्त जातंय. महिना झाला." महिना! आणि मुलाला सांगायचं नाही, तो घाबरट आहे. मी म्हटलं, आई, दुर्बीण घालून बघायला लागेल. माझ्याच खोलीत. त्यांनी ओढणी तीनदा झटकली, वाळत घातली, परत काढली. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मलाही भीती वाटली. त्यांच्याशिवाय हे घर कसं असेल, हा विचार पहिल्यांदाच आला आणि तो मला अजिबात आवडला नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

तारीख मिळाली, पुढचा मंगळवार. सासूबाईंची अट — "श्वास बघायला तू बसणार असशील तर. नाहीतर मी येत नाही. तो स्कोअरवाला मला नको. तूच सांगतेस ना, त्याचं लक्ष आकड्यावर असतं."

बसून पगार म्हणे! आणि आता?

आपल्या माणसाला आपण बसायचं नाही असा नियम आहे. मी मनातल्या मनात म्हटलं, सुटले, मोठ्या सिस्टर नाही म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी हा एक अपवाद. तुझ्याइतकं शांत इथं कोण आहे?"

गुरुवार, २० फेब्रुवारी

सासूबाई गुंगीत पडल्यात, घसा बंद झालाय, मशीन कोकलतंय आणि मी ढिम्म. चौदा सेकंद. दिवसभर हेच डोळ्यांपुढे येतंय.

नाही बसू शकत मी.

आणि मग दुसरं टोचायला लागलं. त्यांना नाही बसू शकत, मग शुक्रवारच्या सहा जणांना कशी बसले? त्यांच्या घरी कुणी नव्हतं का? बेकरीवाल्याची बायको बाहेर बाकावर त्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला "सगळं छान झालं" म्हणून सांगून आले. हसत हसत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सांगितलं.

पहिला पेशंट आत यायच्या आधी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेले. बसा म्हणाल्या, बसले नाही. एका दमात सगळं ओकले — कंपनीवाला, पत्र्याची थरथर, चौदा सेकंद. रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले.

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "मी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं." म्हटलं, हो. "आणि तू ऐकून घेतलंस." म्हटलं, तेवढं बरोबर ऐकू आलं. त्यांना हसू आलं, पण रागही होता. असायलाच हवा. बेकरीवाल्याचं लेखी द्यायला लावलं. दिलं. कान तपासून होईपर्यंत खुर्ची बंद. अलार्मचा आवाज जाड करता येतो का, हे कंपनीला विचारणार आहेत. निघताना म्हणाल्या, "आज आलीस म्हणून बोलतेय. अजून महिन्याभरानं मला कळलं असतं, तर बोलले नसते."

मग मी टॉवेल मोजले. एकशे बारा आहेत.

हलकं वाटतंय. भूक लागली, दोन वेळा जेवले.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आता सासूबाई. सकाळी त्या भाजी निवडत होत्या, समोर जाऊन बसले. आई, मंगळवारी मी नसेन, स्कोअरदादा असतील. त्यांचा चेहरा असा उतरला! "माझं एवढंसं काम होत नाही तुझ्याच्यानं." मग कारण सांगितलं.

निवडणं थांबलं. "म्हणजे तू मुद्दाम करत नव्हतीस?"

"काय मुद्दाम?"

"ऐकून न ऐकल्यासारखं."

म्हटलं, नाही हो. मला वाटायचं तुम्हीच मुद्दाम हळू बोलता, मग भांडायला कारण मिळावं म्हणून. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, "सकाळी निघतानाही नाही येत ऐकू?" म्हटलं, निघताना ऐकण्यासारखं काय असतं? भाजी घेऊन आत गेल्या आणि धुतलेलीच भाजी परत धुतली.

संध्याकाळी कबूल झाल्या. आणखी एक अट — "तू दारात उभी राहा. आत नको, पण दारात."

सोमवार, २४ फेब्रुवारी

पोट साफ करायचं औषध सुरू. दोन लिटर पाणी. सासूबाई पाणी पितात, पळतात, येतात, मला शिव्या देतात, पुन्हा पितात. नवऱ्याला आता सांगावंच लागलं. तो त्यांच्यापेक्षा पांढरा पडला. त्याला त्यांनीच धीर दिला, संडासाच्या दारातून.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दाराला गोल काच आहे, बशीएवढी. अकरा वर्षांत मी ती बाहेरून कधी बघितली नव्हती. नाक चिकटवून उभी राहिले. मागे नवरा, "काय दिसतंय, काय दिसतंय." म्हटलं, गप्प बस, मोजतेय.

आत स्कोअरदादा. आज स्कोअर नाही, काही नाही. एक हात छातीवर, नजर डोंगरांवर. डॉक्टर घाईंनी काहीतरी मागितलं तर मान हलवून नाही म्हणाले. माझा विद्यार्थी!

सासूबाई गुंगीत बोलत होत्या. दादांनी नंतर सांगितलं — "लाइनवर राहा, जोडून देते. लाइनवर राहा." तीस वर्षांची नोकरी हो.

मग ते बोलणं थांबलं. थोड्या वेळानं लाल दिवा. मला काचेतून दिवाच दिसला, बाकी शांतता. पण दिवा लागला न लागला तोच दादांची बोटं हनुवटीखाली गेली. हनुवटी वर, एक क्षण, दुसरा — आणि डोंगर. मी मोजलं होतं. दोन सेकंदसुद्धा नाही. मी तिथं असते तर? नको. नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलेत.

आतड्यात मांसाचा एक कोंब निघाला, बोराएवढा. तिथल्या तिथं काढला, तपासायला पाठवलाय. डॉक्टर म्हणाले, दिसायला गरीब वाटतोय, पण रिपोर्ट येऊ दे. सासूबाई जाग्या झाल्या आणि पहिला प्रश्न, "दारात होतीस?"

"होते."

"मग बरं," म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या.

स्कोअरदादांना चहा पाजला. टर उडवल्याबद्दल माफी मागितली. म्हणाले, "असू दे ताई, आता स्कोअर बंद." म्हटलं, बंद करू नका, आधी डोंगर बघा आणि मग खुशाल ओरडा.

मंगळवार, ४ मार्च

आज दोन निकाल. कोंब साधा. कर्करोग नाही! नवरा रिपोर्ट वाचून फोनवरच रडला. सासूबाई म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं, घाबरट आहे म्हणून?" आणि स्वतः डोळे पुसले. तीन वर्षांनी परत बघायचं, बस्स.

दुसरा निकाल माझा. कान तपासणाऱ्यानं आलेख दाखवला. जाड आवाज ठीक, बारीक आवाजांकडे रेघ दरीत कोसळलेली. "हे आजकालचं नाही, बाई. दहा-बारा वर्षांचं तरी असेल." कानात यंत्र घालायचं, मग काम करता येईल. खुर्चीचं काय ते मोठ्या सिस्टर ठरवतील.

सोमवार, १० मार्च

टॉवेल एकशे नऊ. तीन कुठे गेले?

मंगळवार, १८ मार्च

यंत्र मिळालं! दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढं. थेट दुर्बिणीच्या खोलीत गेले. मोठ्या सिस्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि न सांगता अलार्म वाजवला, दहा वेळा. दहाही वेळा हात वर केला. काय भयानक आवाज आहे! कंपनीवाल्याला धरून बदडावंसं वाटलं. आता जाडही करून घेतलाय, तरी भयानकच.

म्हणाल्या, "उद्यापासून खुर्ची. महिनाभर दर आठवड्याला परीक्षा घेणार." दर तासाला घ्या म्हटलं.

बाकी जग फार कटकटीचं आहे. पिशव्या कुरकुरतात. माझी चप्पल चिवचिवते, अख्ख्या घराला माहीत होतं म्हणे! संध्याकाळी डोकं दुखलं, यंत्र काढून ठेवलं.

बुधवार, १९ मार्च

डबा घेतला, यंत्र घातलं, चप्पल घातली. सासूबाई दाराशी, कुंडीला पाणी, माझ्याकडे पाठ, पुटपुटणं चालू. आज ऐकू आलं.

"हिच्या खोलीत झोपलेला प्रत्येक जण उठून घरी जाऊ दे. आणि ही वेळेवर जेवू दे."

विचारलं, कधीपासून म्हणता हे? वळल्या नाहीत. "तू त्या खुर्चीवर बसायला लागलीस तेव्हापासून. रोज. मला वाटायचं, तुला ऐकू येतं. कधी साधं 'हो' म्हणाली नाहीस."

मी "हो" म्हणाले आणि कामाला निघाले.